सूचीतल्या दोन चिठ्ठ्या

सकाळी साडेनऊला फोन आला, तवा गजराबाई पुस्तकं चिकटवायची खळ शिजवत होती.

फोनवर गौरीशंकरअप्पा. म्हणाले, बांधून दिलेली दोनशे पुस्तकं उसवायची. शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, काढायचा, नवा घालायचा. चारच्या आत.

"का?"

"चूक झाली. एका पोरीची."

"कुठली चूक?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमचं काम सुईदोऱ्याचं."

गजराबाईनं गॅस घालवला. परंड्यात एकतीस वर्षं ती पुस्तकं बांधत होती. तिनं घातलेला टाका उसवा म्हणणारा माणूस तिला अजून भेटला नव्हता. सुईदोऱ्याचं काम म्हणणारे लई भेटले होते. त्यातला एकबी दुसऱ्यांदा म्हणाला नव्हता.

तिनं पिशवी उचलली आन् बस स्टँडजवळच्या अप्पांच्या ऑफिसकडं निघाली.

अप्पांची कंपनी म्हणजे शंभुलिंगच्या हार्डवेअरवरच्या दोन खोल्या. खाली पत्रे आन् पाइप, वर तीन कॉम्प्युटर. दारावर पाटी मात्र अशी, की जणू अमेरिकेत शाखा आहे. तिथं एका साखर कारखान्यासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. कुणाचा ऊस कधी लावला, कुणाची तोड कितव्या नंबरला, हा सगळा क्रम त्यात. ते कसं वापरायचं हे सांगणारं तीनशे पानांचं पुस्तक आन् त्यातच शेवटी सूची. कुठला विषय कुठल्या पानावर, ते सूचीत बघायचं. कारखान्यातलं कुणी पहिल्या पानापासून पुस्तक वाचंल, हे खुद्द लिहिणाऱ्यालाबी वाटलं नव्हतं. सगळे मागून उघडणार. म्हणून सूचीच महत्त्वाची.

ती सूची शिवानीनं केली होती. बावीस वर्षांची पोरगी, महालिंगप्पाची. जुन्या लग्नपत्रिका कात्रीनं कापून तिनं चिठ्ठ्या केल्या होत्या. घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे पडलेले असतात, आन् पत्रिकेचा कागद जाड, मागची बाजू कोरी. एका चिठ्ठीवर एक विषय, पुढं पान नंबर. अशा अकराशे चिठ्ठ्या, साडीच्या खोक्यात, अक्षरांच्या क्रमानं उभ्या. सात आठवड्यांचं काम.

गजराबाई वर गेली तवा ती पोरगी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. डोळे कोरडे, जबडा आवळलेला. समोर टेबलावर एक कागद आन् पेन.

काय झालं ते गजराबाईनं उत्कर्षकडनं काढून घेतलं. उत्कर्ष म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणारा. ईट गावचा, नुकतं लग्न झालेला, आवाज खालीच ठेवणारा. प्रकरण असं होतं. गुरुवारी सकाळी कारखान्यातल्या एका क्लार्कला तीन गावांचा तोडीचा क्रम नव्यानं लावायचा होता. त्यानं सूची उघडली. ‘क्रम, पुन्हा लावणे’ बघितलं. पुढं लिहिलं होतं, पान १८७. त्यानं १८७ काढलं आन् तिथं जसं सांगितलं तसं करत गेला. १८७ वर सांगितलं होतं, क्रम कायमचा काढून कसा टाकायचा. पानाच्या डोक्यावर ते जाड अक्षरात छापलंबी होतं. पण मथळा वाचायचा त्रास पगारात बसत नसावा. चारशे बारा शेतकऱ्यांचा नंबर गेला. खरं पान होतं १४२.

कारखाना आठ दिवसांनी सुरू होणार. तीन गावं पेटली होती. पहिला ऊस कुणाचा, यावरनं लोक एकमेकांच्या अंगावर जात होते. कारखान्यानं अप्पांना विचारलं, चूक कुणाची? अप्पांनी शुक्रवारी दुपारी सगळ्यांसमोर साडीचा खोका उघडला. त्यातनं दोन चिठ्ठ्या काढल्या. ‘पुन्हा लावणे’ पुढं १८७. ‘काढून टाकणे’ पुढं १४२. उलटंपालटं. अक्षर शिवानीसारखं.

आज चारला कारखान्याचा शेतकी अधिकारी येणार होता. शिवानीनं त्या आधी माफीनामा लिहून द्यायचा. उद्या तीन गावांची सभा होती, तिथं तो मोठ्यानं वाचला जाणार होता. आन् त्या चारशे बारात महालिंगप्पाचाबी ऊस होता. म्हणजे बाप पुढं बसणार, आन् पोरीचं नाव माइकवर.

"तू लिहिलंस का तसं?" गजराबाईनं तिला विचारलं.

"न्हाय, मावशी."

"मग ह्या चिठ्ठ्या?"

"माझ्या न्हायत. पण अक्षर बघा. मलाच माझं वाटतंय."

तेवढ्यात अप्पा आतनं आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, आवाजात तूप. म्हणाले, शिवानी मला लेकीसारखी आहे, माझं काळीज तुटतंय, पण नियम म्हणजे नियम. काळीज तुटलेल्या माणसाच्या तोंडात पान होतं आन् ते तो चवीनं चघळत होता.

उत्कर्षचा फोन वाजला. त्यानं कुणाला तरी सांगितलं, ऑफिस पाचला बंद होतं.

"बंद न्हाय म्हणायचं," अप्पा खेकसले. "वाढतं म्हण. किती वेळा सांगू? दुकान वाढवतात. वाईट शब्द तोंडात न्हाय पाहिजे." मग गजराबाईकडं वळून हसले. म्हणाले, ह्या पोरांना शुभ-अशुभ कळत न्हाय. पुस्तकाच्या शेवटी ह्यांनी ‘समाप्त’ घातलं होतं, मीच काढायला लावलं. मला रीत कळते म्हणूनच तर लोक येतात. खाली शंभुलिंगच्या पोरीची, शिवप्रियाची सोयरीक कुणी जुळवली? मीच.

 गजराबाईनं पिशवीतनं चष्मा काढला आन् चिठ्ठ्या बघायला मागितल्या.

"तुम्ही वाचून काय करणार?" अप्पा म्हणाले.

"वाचायचं कोण म्हणतंय? कागद बघते."

तिनं खोक्यातल्या पाच-पन्नास चिठ्ठ्या बोटानं चाळल्या. कडांवरनं अंगठा फिरवला. सगळ्यांच्या कडा जराशा वाकड्या, कात्रीचा घास कळत होता. मग त्या दोन उचलल्या. त्यांच्या कडा सरळ, सुरीसारख्या. तिनं खोलीत नजर फिरवली. खिडकीजवळ कागद कापायचा लोखंडी कटर होता.

मग तिनं चिठ्ठ्या उलट्या केल्या. एकीच्या मागं सोनेरी छपाईत नुसती वेलबुट्टी. दुसरीच्या मागं वर ‘चि. सोमलिंग’ आन् त्याच्या खाली ‘चि. सौ. कां. शिवप्रि’, पुढचं कापलेलं.

"शिवानी, खोका कधी जमा केलास?"

"दोन महिने झाले. उत्कर्षदादांनी टाइप केलं आन् खोका अप्पांच्या कपाटात गेला."

"कुलूप?"

"किल्ली खिळ्यावरच असते. सगळे घेतात."

"आन् शिवप्रियाच्या लग्नाच्या पत्रिका कधी वाटल्या?"

 सगळ्यांना माहीत होतं. शंभुलिंग आठ दिवसांपूर्वी स्वतः जिना चढून आला होता. लग्नाला अजून अकरा दिवस होते.

"दोन महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीला आठ दिवसांपूर्वीची पत्रिका," गजराबाई म्हणाली. "ह्या पोरीनं लिहिल्या न्हायत ह्या. मागनं कुणीतरी घातल्यात."

अप्पा लगेच हळहळले. म्हणाले, अरे देवा, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. पण मग मेळ बसला. पत्रिका तर शिवानीच्या घरीबी आली असंल. चूक झाकायला तिनंच दुसऱ्या चिठ्ठ्या केल्या नसतील कशावरनं?

"चूक झाकायला चुकीच्याच चिठ्ठ्या?" गजराबाईनं त्यांच्याकडं चष्म्यावरनं बघितलं. "एवढी अक्कल कंपनीतच मिळते."

उत्कर्षला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं.

जिन्यावर बूट वाजले. अप्पांचा भाचा विरेश आला. सॉफ्टवेअर त्यानं लिहिलेलं. पुण्यात चार वर्षं राहून आलेला, आन् ते दर दहा मिनिटांनी सांगणारा. गुरुवारी बोंब झाल्यापासून तो कारखान्यातच होता, गेलेला क्रम परत मिळतो का बघत. दोन रात्री तिथल्या गेस्ट हाउसवर. अंगावर तोच शर्ट, मळलेला.

"मिळाला का?" गजराबाईनं विचारलं.

"न्हाय. बॅकअप म्हणून त्यांनी जी पेनड्राइव्ह दिली त्यात वरातीची गाणी होती."

"मधी परंड्यात आला होतास?"

"आंघोळीलासुद्धा न्हाय. वास येत न्हाय का?"

येत होता.

"हे पुस्तक तू वाचलंस?"

"मॅन्युअल कोण वाचतं, मावशी? मी लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे. मला काय गरज? छापलेलं अजून उघडलं न्हाय मी."

अप्पांनी भाच्याकडं कौतुकानं बघितलं. स्वतःच्या घरचं पुस्तक न उघडणं हेबी शिक्षणच असावं.

गजराबाईनं पिशवीतनं न शिवलेला एक फर्मा काढला. बांधणीत एखादा जास्तीचा उरतोच. सूचीची पानं. तिनं २९१ नंबरचं पान टेबलावर पसरलं. पानाच्या अगदी डोक्यावर पहिली ओळ होती, ‘क्रम, पुन्हा लावणे’ आन् पुढं १८७. तिच्या खाली दुसरी, ‘क्रम, काढून टाकणे’ आन् पुढं १४२.

"पोरी, तुझा नेम काय चिठ्ठ्या लावायचा?"

"अक्षरांचा. क आधी, मग ख, ग. पहिला शब्द सारखा असला तर दुसरा शब्द बघायचा."

"मग ‘काढून’ आधी का ‘पुन्हा’?"

शिवानी पुढं वाकली. दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. मग सावकाश म्हणाली, "काढून. क आधी. हे उलटं छापलंय. मी तर फक्त आकडे बघत होते."

"बाकी अकराशेत कुठं असं झालंय?"

शिवानीनं पानं चाळली. बोट ओळींवरनं खाली पळत होतं. कुठंबी न्हाय.

गजराबाई उत्कर्षकडं वळली. "तू टाइप केलंस. ही ओळ तू वर नेलीस?"

"न्हाय, मावशी. चिठ्ठी उचलायची, टाइप करायची, खाली ठेवायची. डोकं चालवायचं मला सांगितलेलंच नव्हतं."

"मग पानं लावल्यावर?"

"कच्ची पानं काढून अप्पांच्या टेबलावर ठेवली आन् सोयाबीन काढायला गावाला गेलो. चार दिवसांनी आलो तवा छापून झालं होतं."

"मधी फाइल कुणी उघडली?"

उत्कर्षनं अप्पांकडं बघितलं, मग जमिनीकडं. म्हणाला, मी नव्हतो, मला काय माहीत.

"तू ईटचा. नवरदेव सोमलिंगचं घरबी ईटलाच. त्यांच्याकडनं पत्रिका आली तुला?"

"त्यांच्याकडनं?" उत्कर्ष कडवट हसला. "बांधावरनं केस चालू आहे आमची. पत्रिका देतील का मला? कोर्टाची नोटीस देतील."

गजराबाईनं सगळ्यांना पत्रिका दाखवायला सांगितल्या. अप्पांची भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला होती, हळदीकुंकू लावलेली, अख्खी. उत्कर्षची ड्रॉवरमध्ये, अख्खी. शिवानीनं घरी फोन लावला, आईनं फोटो पाठवला, अख्खी. विरेशला वेगळी दिलीच नव्हती. लग्न न झालेल्या पोराला कोण वेगळी देतं? मामाच्या ‘सहकुटुंब’मध्ये तो बसला होता, आन् त्याचा त्याला राग होता.

गजराबाईनं भिंतीवरची पत्रिका उघडून सगळ्यांना दाखवली. वर ‘चि. सौ. कां. शिवप्रिया’, खाली ‘चि. सोमलिंग’.

"झालं समाधान?" अप्पा म्हणाले. "सगळ्यांच्या अख्ख्या आहेत. आता पुस्तकं उसवायला घ्या. आन् पोरी, तू लिहायला घे. दोन वाजत आले."

"येते जरा," गजराबाई म्हणाली आन् जिना उतरून शंभुलिंगच्या दुकानात गेली. पत्र्याच्या आडोशाला उभी राहून तिनं त्याच्याकडनं एक नंबर घेतला आन् फोन लावला. बोलणं मिनिटाचंच झालं. ती वर आली तवा श्वास लागला होता. स्टूल ओढून ती दारातच बसली. म्हणजे बाहेर जायचं तर तिच्यावरनं जावं लागलं असतं.

"ऐका," ती म्हणाली. "दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. पहिली, सूची बिघडली. दुसरी, ती बिघडवल्याचं झाकलं. दोन्ही एकाच माणसानं केलं.

"आधी पहिली. शिवानीच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. ‘काढून टाकणे’ १८७, ‘पुन्हा लावणे’ १४२. उत्कर्षनं तसंच टाइप केलं. मग पानं लागली आन् नशिबानं २९१ व्या पानाच्या कपाळावर आलं, ‘काढून टाकणे’. आता पानाच्या डोक्यावर कुठली ओळ येणार, हे चिठ्ठीला कळत न्हाय. चिठ्ठी लिहिणारीलाबी कळत न्हाय. ते कळतं फक्त लागलेली पानं बघितलेल्याला. म्हणजे कच्ची पानं ज्याच्या टेबलावर होती त्याला.

"त्या माणसाला डोक्यावर वाईट शब्द चालत न्हाय. बंद म्हणलं तर अंगावर येतो. समाप्त काढायला लावतो. त्यानं काय केलं, वरचे शब्द खाली घेतले, खालचे वर घेतले. शुभ झालं. पण हलवले नुसते शब्द. आकडे तिथंच राहिले. आकड्यात शुभ-अशुभ न्हाय ना. त्यात नुसतं खरं-खोटं असतं, आन् ते कोण बघतंय?"

अप्पांचं चघळणं थांबलं होतं.

"आता दुसरी. गुरुवारी बोंब झाली. ह्या माणसानं खोका उघडला आन् बघितलं, चिठ्ठ्या बरोबर आहेत. म्हणजे चूक आपल्यावर येणार. त्यानं त्या दोन फाडल्या आन् खोक्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्या समोर ठेवून तिच्यासारख्या अक्षरात नव्या केल्या. जुनी पत्रिका शोधायला वेळ नव्हता. हातात दोन पत्रिका होत्या, एकाच लग्नाच्या. एक भिंतीला लागली. दुसरी जास्तीची. तिचा काय उपयोग? घातली कटरमध्ये."

"एकाच लग्नाच्या दोन कशा?" विरेशनं विचारलं.

"पुण्यात एवढंबी शिकवलं न्हाय? मुलीकडचे त्यांची छापतात, मुलाकडचे त्यांची. ज्याचं लेकरू, त्याचं नाव वर. भिंतीवर बघ, शिवप्रिया वर. ही शंभुलिंगनं वाटलेली. आता ही चिठ्ठी बघ. सोमलिंग वर. ही मुलाकडची. ईटला छापलेली. आता सोमलिंगच्या आईला फोन केला. म्हणलं, परंड्यात तुमच्या पत्रिका किती आल्या? म्हणाली, एकच. परंडा मुलीकडचं गाव, तिथं ते वाटतात. आमच्याकडनं फक्त मध्यस्थाला मानाची पहिली."

गजराबाईनं चिठ्ठी विरेशच्या हातात दिली.

"विरेशला ती घरात सापडली असती. पण तो गुरुवारपासून कारखान्यात आहे, आन् अधिकारी ते सांगंल. खोका उघडला शुक्रवारी. राहिलं कोण, अप्पा? सोयरीक मीच जुळवली, हे सकाळी तुम्हीच सांगितलं. आणा ती मुलाकडची पत्रिका. अख्खी असली तर मी फुकट उसवते दोनशे पुस्तकं."

अप्पा उठले. परत बसले. तोंडातलं पान गिळलं असावं, कारण त्यांना ठसका लागला. आधी म्हणाले, पत्रिका घरी आहे. मग म्हणाले, हरवली. मग दार लोटून घ्या म्हणाले, खाली शंभुलिंगला ऐकू जाईल. वाईट शब्द पानावर नको म्हणणाऱ्यानं लग्नाच्या आधीच लग्नाची पत्रिका कापली, हे शंभुलिंगला कळलं असतं, तर कंपनीची पाटी त्या दिवशीच रस्त्यावर आली असती. भीती त्याची होती. चारशे बारा लोकांची न्हाय, शिवानीची तर न्हायच.

मग ते शिवानीकडं वळले. आवाजात परत तूप आलं, पण आता ते करपलेलं होतं.

"पोरी, तू लहान आहेस. लोक तुझं विसरतील. माझं नाव गेलं तर ही कंपनीच जाईल. तू सही कर, मी तुला कायम कामाला ठेवतो. महालिंगप्पाचा नंबर नव्या क्रमात पहिल्या दहात घालायला सांगतो."

 गजराबाई मधी पडली न्हाय. हे तिनं बोलायचं नव्हतं.

शिवानी उठली. टेबलावरचा कोरा कागद आन् पेन तिनं अप्पांच्या पुढं नेऊन ठेवलं.

"माझ्या बापाचा नंबर दोनशे सदतीस होता," ती म्हणाली. "तोच राहू द्या. तुम्ही लिहा. सकाळी मला जे सांगितलं, तेच शब्द. ‘माझ्या निष्काळजीपणामुळं’ इथनं सुरुवात होती."

"पोरी..."

"आन् चिठ्ठ्या मागनं घातल्या, तेबी लिहा. ते तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

अप्पांनी भाच्याकडं बघितलं. विरेश मोबाइलमध्ये शिरला होता. उत्कर्षकडं बघितलं. उत्कर्षनं उठून खिडकीजवळचा कटर उचलला आन् आतल्या खोलीत नेऊन ठेवला. पुराव्याची वस्तू आहे, म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे सगळ्यात धाडसाचं वाक्य होतं.

अप्पा लिहायला लागले. अर्धं पान झालं तवा त्यांनी विचारलं, "पत्रिका कापल्याचं नको घालू ना?"

"घाला," शिवानी म्हणाली. "न्हायतर चिठ्ठ्या खोट्या कशावरनं?"

चारला पाच मिनिटं असताना शेतकी अधिकारी आला. पोट पुढं, पेन खिशात, दोन दिवस शिव्या खाल्लेलं तोंड. त्यानं कागद वाचला. एकदा अप्पांकडं बघितलं, परत वाचला. मग खोलीत नजर फिरवत म्हणाला, हे ठीक आहे, पण उद्या गावं मला विचारतील, हे अप्पांनी केलं तर सूची केली कुणी? लोकांना दोन्ही नावं लागतात.

अप्पा बोलायला गेले. शिवानी त्यांच्या आधी बोलली.

"मी केली. महालिंगप्पाची शिवानी. माझं नावबी सभेत घ्या. आन् बाकीच्या ओळी एकेक करून तपासा. मी खोका घेऊन येते, बापाच्या शेजारी बसते."